चैत्रातील तेजोमेघांचा शोध

गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया हा सुमारे महिनाभराचा काळ बीड जिल्ह्यातील आकाशनिरीक्षकाच्या दृष्टीने मोलाचा असतो. थंडीतील धुके सरलेले असते, वळवाचे ढग अजून दाटलेले नसतात आणि बालाघाटच्या पठारावर रात्री अंगणात बसण्याजोगी हवा असते. पुढे वैशाख तापतो, ज्येष्ठात मृगाचे वेध लागतात आणि मग थेट आश्विनापर्यंत आकाशाचे दार बंद होते. दुर्बिणीला कॅमेरा जोडून छायाचित्रे घेणारे तरुण आता तालुक्याच्या गावांतूनही दिसू लागले आहेत. त्यांच्यापैकी ज्यांनी नॅरोबँड फिल्टर घेतलेले असतात, ते मात्र नेमक्या याच काळात साहित्य बांधून ठेवतात. वसंतात दीर्घिकाच दिसतात, या फिल्टरांना साजेसे काही नसते, असे त्यांनी वाचलेले असते. घरच्यांच्या परवानगीने, बऱ्याच खर्चाने आणलेली वस्तू हंगामातील उत्तम रात्री कपाटात पडून राहते. हा समज खरा आहे काय, याचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे.

नॅरोबँड म्हणजे काय, हे आडतीवरच्या माणसाला चाळणीच्या उपमेने सहज कळेल. धान्यात माती, खडे, भुसा असे सगळे मिसळलेले असते. चाळणीची छिद्रे नेमक्या मापाची असली की दाणा वेगळा होतो. आकाशातून येणाऱ्या प्रकाशातही तेजोमेघाच्या मंद उजेडासोबत रस्त्यांचे दिवे, चांदणे आणि वातावरणाची स्वतःची प्रभा मिसळलेली असते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. त्यातील केवळ ३ ते ७ नॅनोमीटर रुंदीची पट्टी आत सोडणारा आणि बाकीचे अडवणारा काचेचा पडदा म्हणजे नॅरोबँड फिल्टर.

ही पट्टी कोठे धरायची, हे निसर्गानेच ठरवून दिले आहे. तप्त ताऱ्याच्या अतिनील किरणांनी आजूबाजूच्या वायूतील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात. हायड्रोजनचे सुटलेले इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत परतताना ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बाहेर पडतो. त्याला हायड्रोजन-अल्फा म्हणतात. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरला निळसर हिरवा उजळतो. गंधकाची जोडरेषा ६७२ नॅनोमीटरच्या जवळ, गडद लाल भागात असते. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरला असल्याने या तिन्ही चाळण्यांतून तो जवळजवळ पूर्ण बाहेर राहतो. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश मात्र सर्व तरंगलांबींवर पसरलेला असल्याने त्याचा थोडा अंश प्रत्येक फिल्टरमधून आत येतोच.

या रेषांच्या अभ्यासाचा एक धागा महाराष्ट्रातही आहे. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये एका तेजोमेघाच्या वर्णपटात हिरवी रेषा पाहिली, तेव्हा ती कोणत्या मूलद्रव्याची हे कोणालाच उलगडले नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्याने १८८८ मध्ये वेधशाळा उभारली. तिच्यातील २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. नॉर्मन लॉकियर यांच्या मते ही हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड होती. नायगमवाला यांनी मृगातील मोठ्या तेजोमेघाचे वर्णपट तपासून ती रेषा प्रत्येक परिस्थितीत स्वच्छ, तीक्ष्ण आणि दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, असे दाखवून दिले; अर्थात ती पट्ट्याची कड असू शकत नव्हती. हेच नायगमवाला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेधांसाठी बीडच्या नैर्ऋत्येला, करमाळा तालुक्यातील जेऊर येथे आले होते. हिरव्या रेषेचे कोडे पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सोडवले. ती विरळ वायूतील ऑक्सिजनची रेषा निघाली. आज बाजारात ऑक्सिजनचा फिल्टर म्हणून जी काच मिळते, ती नेमकी हीच रेषा टिपते.

आता वसंताकडे वळू. तेजोमेघ हे आकाशगंगेच्या चकतीत, तिच्या पट्ट्यालगत दाटीने असतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मध्यरात्रीच्या सुमारास अरुंधती केश हा तारकासमूह बीडच्या जवळजवळ माथ्यावर येतो आणि आकाशगंगेचा उत्तर ध्रुव याच तारकासमूहात आहे. म्हणजे त्या वेळी आपण चकतीच्या पातळीतून बाहेर, थेट वर पाहत असतो. धूळ आणि वायू कमी, त्यामुळे दूरच्या दीर्घिका स्पष्ट दिसतात. पण दीर्घिकांचा प्रकाश हा अब्जावधी ताऱ्यांचा, सर्व तरंगलांबींवर विखुरलेला प्रकाश असतो. नॅरोबँडच्या चाळणीतून त्यातला बहुतेक फेकला जातो. शिवाय आणखी एक अडचण आहे. कन्या राशीतील दीर्घिकांचा समूह आपल्यापासून सरासरी सेकंदाला सुमारे १,००० किलोमीटर वेगाने दूर जात आहे. त्यामुळे त्यांची हायड्रोजनची रेषा दोन नॅनोमीटरहून अधिक सरकते आणि ३ नॅनोमीटरच्या अरुंद फिल्टरच्या बाहेर पडते. महाग फिल्टर म्हणजे सर्व ठिकाणी उत्तम, असे नाही. सप्तर्षींजवळची एम ८२ ही दीर्घिका मात्र याला अपवाद आहे. तिचा वेग कमी आहे आणि तिच्या गाभ्यातून वर-खाली उसळणारे हायड्रोजनचे लाल फवारे नॅरोबँडमध्येच खुलून दिसतात. बीडहून ती उत्तरेला ३९ अंश उंचीपर्यंत येते.

येथपर्यंत तो समज बरोबर ठरतो. चूक आहे ती पुढे. वसंतातील लक्ष्यांच्या ज्या याद्या सर्वत्र फिरतात, त्यातील बहुतेक युरोप आणि अमेरिकेत, ४० ते ५० अक्षांशांवर राहणाऱ्यांनी स्वतःच्या आकाशासाठी केलेल्या आहेत. बीड शहर १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. लंडनला जे दक्षिणेचे आकाश कधीच उगवत नाही, त्यातील मोठा भाग पाटोद्याच्या किंवा धारूरच्या माळावरून दिसतो. अगस्त्य तारा येथे १८ अंश उंच चढतो, त्रिशंकू क्षितिजाच्या वर सुमारे ११ अंश येतो, आणि या दोहोंच्या दरम्यान आकाशगंगेचा अतिशय समृद्ध पट्टा वसंतातील संध्याकाळी दक्षिणेला टेकलेला असतो. म्हणून परक्या गावच्या बाजारभावावर आपल्या दुकानाचा माल ठरवावा, तशी ती यादी वापरण्यात अर्थ नाही. आपल्या अक्षांशाची यादी आपणच करावी.

ती यादी रात्रीच्या प्रहरांनुसार करणे सोपे जाते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आठच्या सुमारास पुरता अंधार होतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत ही वेळ मोकळीच असते. त्या वेळी हिवाळ्यातील आकाशगंगा डोक्यावरून पश्चिमेला कलू लागलेली असते. व्याध ताऱ्याच्या ईशान्येला एनजीसी २३५९ हा शिरस्त्राणाच्या आकाराचा तेजोमेघ आहे. एका अतितप्त ताऱ्याच्या वाऱ्याने फुगलेला हा बुडबुडा ऑक्सिजनच्या रेषेत ठळक उमटतो. पुनर्वसूच्या दक्षिणेला, मिथुन राशीत एबेल २१ हा मरणासन्न ताऱ्याने टाकलेला, चंद्राच्या तृतीयांश रुंदीचा फिकट कवच-तुकडा आहे. हे दोन्ही साडेदहा-अकरापर्यंत पुरेसे उंच राहतात.

त्याच संध्याकाळी नऊच्या सुमारास दक्षिणेला, अगस्त्याच्या पूर्वेकडे, व्हेला अतिनवताऱ्याचा अवशेष मध्यमंडळावर येतो. सुमारे ११,००० वर्षांपूर्वी स्फोट झालेल्या ताऱ्याचे हे धागे आकाशात आठ अंश, म्हणजे ओळीने मांडलेल्या सोळा पौर्णिमेच्या चंद्रांइतके पसरले आहेत. मध्यभागी उरलेला तारा सेकंदाला अकरा वेळा स्वतःभोवती फिरतो. येथून हा भाग २६ अंश उंच येतो. एवढ्या मोठ्या विषयाला मोठी दुर्बीण निरुपयोगी आहे; १३५ मिलिमीटरची साधी कॅमेऱ्याची लेन्स त्यासाठी योग्य ठरते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन फिल्टरांनी घेतलेल्या चित्रांत लाल आणि निळसर धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात, आणि उत्तरेकडच्या कोणत्याही यादीत हा विषय सहसा सापडत नाही.

एप्रिलच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास त्रिशंकूच्या उजवीकडे, ईटा कॅरिना ताऱ्याभोवतीचा एनजीसी ३३७२ हा प्रचंड तेजोमेघ दक्षिण क्षितिजावर येतो. १८४३ मध्ये हा तारा काही काळ आकाशातील दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा झाला होता. बीडहून तेजोमेघाची सर्वाधिक उंची ११ अंश. पण सुमारे तीन तास तो नऊ अंशांच्या वर असतो. इतक्या खाली असताना त्याचा प्रकाश माथ्यावरच्यापेक्षा पाचपट हवेतून येतो. निळा-हिरवा प्रकाश त्यात फार गळतो, लाल त्यामानाने टिकतो. म्हणून येथे केवळ हायड्रोजनचा फिल्टर लावून कृष्णधवल चित्र घ्यावे. रंगांचा हट्ट धरू नये. त्याच्या उत्तरेला, ३० अंश उंचीवर, एनजीसी ३१३२ हे छोटे वलय आहे. जेम्स वेब दुर्बिणीची जी पहिली चित्रे जुलै २०२२ मध्ये जगाला दाखवली गेली, त्यांत हे वलय आणि कॅरिना तेजोमेघाची कड अशी दोन चित्रे होती. दोन्ही जागा बीडच्या चैत्रातील आकाशात आहेत.

रात्र चढली की डोक्यावरच्या दीर्घिकांच्या प्रदेशातही फिल्टरांना काम मिळते, ते ग्रहसदृश तेजोमेघांमुळे. हे मरणाऱ्या ताऱ्यांचे अवशेष पट्ट्यापासून दूरही विखुरलेले असतात. सप्तर्षींतील पुलह ताऱ्याच्या आग्नेयेला अडीच अंशांच्या आत एम ९७ आहे. दोन काळसर डोळ्यांमुळे त्याला घुबडाचे नाव मिळाले. आश्लेषा नक्षत्राच्या तीन अंश उत्तरेला एबेल ३१ हे चंद्राच्या अर्ध्याहून थोडे अधिक रुंदीचे, पण अतिशय फिकट बिंब आहे; त्याला एका हंगामाचा सगळा धीर लागतो. हस्त नक्षत्राच्या चौकोनात एनजीसी ४३६१ आणि वासुकीत एनजीसी ३२४२ आहे. हे शेवटचे दोन लहान व तेजस्वी असल्याने अनुभव कमी असलेल्यानेही तेथून सुरुवात करावी.

या दोघांशी जुन्या हैदराबाद संस्थानाचे एक नाते आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हैदराबादेत स्थापन केलेल्या निजामिया वेधशाळेने संपूर्ण आकाशाच्या छायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भाग घेतला. आकाशाचे पट्टे निरनिराळ्या देशांतील वेधशाळांना वाटून दिले होते. हैदराबादच्या वाट्याला आलेला पट्टा खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांचा होता. एनजीसी ३२४२ आणि एनजीसी ४३६१ हे दोन्ही नेमके त्याच पट्ट्यात येतात. काचेच्या पाट्यांवर ताऱ्यांचे ठिपके मोजत त्या वेधशाळेतील माणसांनी वर्षानुवर्षे काढली. आजच्या संगणकावर दहा तासांची चित्रे एकत्र करणाऱ्याला तो धीर आठवलेला बरा.

एप्रिलच्या उत्तरार्धात पहाटे तीनला वृश्चिक आणि धनू दक्षिणेला उंच येतात. मूळ नक्षत्राशेजारचा एनजीसी ६३३४, धनूतील एम ८ आणि त्याच्या ईशान्येचा एम १६ हे हायड्रोजनने भरलेले विषय आहेत. एम ८ लंडनहून जेमतेम १४ अंश चढतो, बीडहून ४६ अंश. हबल दुर्बिणीचे १९९५ मधील प्रसिद्ध धूलिस्तंभ एम १६ मधलेच. त्या चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला होता. ही मांडणी आजही रूढ आहे. ते डोळ्यांना दिसणारे रंग नव्हेत, हे चित्राखाली नोंदवणे म्हणजे मालावर खरे वजन लिहिण्यासारखे आहे.

रात्री निवडण्यासाठी भिंतीवरचे पंचांग पुरते. पाडव्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या चार-पाच रात्री काळोखाच्या. त्या ऑक्सिजनच्या फिल्टरसाठी आणि एबेल ३१ सारख्या फिकट विषयांसाठी राखून ठेवाव्यात. महावीर जयंती चैत्र शुद्ध त्रयोदशीला येते, तेव्हा चंद्र जवळजवळ पूर्ण असतो. अशा रात्रीही हायड्रोजनचे काम चालते, कारण हवेत विखुरणारे चांदणे लाल भागात हिरव्यापेक्षा साधारण एकतृतीयांशच असते. मात्र विषय चंद्रापासून दूर निवडावा. अक्षय्य तृतीयेची कोर रात्री लवकर मावळते आणि पुढची सारी रात्र मोकळी मिळते.

खर्चाचा विचार व्यापारी घरात प्रथम होतो आणि तो योग्यच आहे. नेहमीच्या कॅमेऱ्यात संवेदकापुढे बसवलेली काच हायड्रोजनच्या लाल प्रकाशाचा मोठा भाग अडवते. ती बदलून घेतलेला जुना कॅमेरा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन्ही रेषा सोडणारा एकच जोडफिल्टर, एक चांगली लेन्स आणि आकाशाच्या गतीने फिरणारी मजबूत बैठक एवढ्यावर पहिली दोन वर्षे काढावीत. पैसा आधी बैठकीवर खर्च व्हावा. ती डळमळली तर महाग दुर्बीणही पुसट चित्र देते. ध्रुवतारा येथे केवळ १९ अंश उंच असल्याने बैठकीचा अक्ष लावण्यासाठी उत्तर क्षितिजही मोकळे हवे. शीतक असलेला कॅमेरा साधारणतः भोवतालच्या हवेपेक्षा ३५ अंश खाली जाऊ शकतो. चैत्रातील २५ अंशांच्या रात्री त्याला उणे २० चा आग्रह धरणे व्यर्थ. शून्य किंवा उणे ५ वर तो निश्चिंत चालतो.

खरे भांडवल वेळेचे आहे. चित्राची स्पष्टता दुप्पट करायची तर एकूण वेळ चौपट द्यावा लागतो, हे गणित कोणत्याही पैशाने बदलत नाही. पाच-पाच मिनिटांची शंभर-सव्वाशे चित्रे जमली की दहा तास होतात आणि त्यासाठी चार-पाच रात्री जातात. म्हणून एका वसंतात दोन, फार तर तीन विषय घ्यावेत. रोज नवा विषय धरणाऱ्याच्या हाती वैशाखअखेर अनेक अर्धवट चित्रे उरतात.

शेवटचा प्रश्न जागेचा. दक्षिणेकडील विषयांसाठी दक्षिण क्षितिजावर मोठे गाव नसलेली जागा हवी. गेवराईकडून पाहणाऱ्याच्या समोर बीड शहराचा उजेड येतो. पाटोदा, केज, धारूर या बाजूंच्या पठारावर अशी जागा ओळखीच्या शेतात सापडू शकते. नायगावच्या मोरांच्या अभयारण्यासारख्या वनक्षेत्रात मात्र रात्री परवानगीविना जाऊ नये. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले आंतरराष्ट्रीय मान्यतेचे काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान मिळाला. तेथील गावांत रस्त्यांचे दिवे काढून टाकलेले नाहीत. त्यांची तोंडे खाली वळवून वर जाणारा उजेड थांबवला आहे.

बीड जिल्ह्यातील गावांत रात्रभर जळणारे प्रखर दिवे पुष्कळदा सरकी-कापसाच्या जिनिंगचे, गोदामांचे आणि दुकानांच्या पाट्यांचे असतात. म्हणजे त्यांची कळ या मासिकाच्या वाचकांच्याच हाती आहे. दिव्यावर झाकण बसवून त्याचे तोंड जमिनीकडे केले, पांढऱ्याऐवजी पिवळसर बल्ब लावला आणि दुकान बंद झाल्यावर पाटी मालवली, तर राखण तेवढीच होते आणि वीजबिल उतरते. दिव्याभोवती होरपळणारे पतंगही कमी होतात, हे या घरांना वेगळे सांगायला नको. त्याच घरातील मुलगा किंवा मुलगी गच्चीवर कॅमेरा लावून दक्षिणेकडे पाहत असेल, तर गोदामाचा एक दिवा खाली वळल्याने जो फरक पडतो, तो कितीही महाग फिल्टर विकत आणून पडत नाही.